बुडत्या माशीचा वाद

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण हसतील, आणि त्यांनी हसावेही. इंग्लंडातल्या सुशिक्षित, सुखवस्तू, चांगल्या पोक्त गृहस्थांनी पन्नासएक वर्षे एका प्रश्नावर वाद घातला. प्रश्न असा, की माशाला फसवण्यासाठी गळावर बांधलेली खोटी माशी पाण्यावर तरंगावी, की पाण्यात बुडावी? एवढ्यासाठी ग्रंथ लिहिले गेले, वर्तमानपत्रांतून पत्रे झडली, लंडनच्या एका क्लबात रीतसर सभा भरली आणि शेवटी ऐंशीच्या घरात पोचलेल्या एका वकिलाने पंचावन्न वर्षांच्या ओळखीचे पाणी सोडले. आता यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु डोळ्यांनी पाहिलेले खरे मानायचे, की गुरूने सांगितलेले, हा आपल्या सर्वांच्या घरचा प्रश्नही त्यात आहे. म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

आधी माशी बांधणे म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कोकणात गरवायला जातात, तेव्हा गरीला गांडूळ नाहीतर कोळंबी लावतात. मासा खातो ते खरे खाणे असते. युरोपातल्या थंड पाण्याच्या नद्यांत ट्राउट नावाचा ठिपक्याठिपक्यांचा देखणा मासा आहे. तो पाण्यातले किडे खातो. हे किडे इतके नाजूक असतात, की गळाला टोचले तर त्यांचा चेंदामेंदा व्हायचा. मग माणसाने युक्ती काढली. बारीक गळावर रेशीम, लोकर आणि पिसे गुंडाळून खोटा किडाच तयार केला. ही युक्ती जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे, की मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात, तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बसवतात आणि ठिपक्यांचे मासे धरतात. म्हणजे माशीने मासा धरण्याची ही कला निदान अठराशे वर्षांची झाली. आपल्या भाषेत तर मासा आणि माशी यांत अंतर एका अक्षराचे. ट्राउटच्या नदीतही ते फारसे जास्त नाही!

ज्या माशीवरून सारे रामायण झाले, तिचे चरित्र मोठे विलक्षण आहे. इंग्रजीत तिला ‘मेफ्लाय’ म्हणतात. आपण एकदिवशी माशी म्हणू, कारण पंख फुटल्यावर ती फार तर दोनचार दिवस जगते. कित्येक जाती तर संध्याकाळी उडतात आणि सकाळ पाहत नाहीत. तिला खाण्याचे तोंडच उरत नाही. लग्न करायचे, पाण्यात अंडी घालायची आणि संपायचे. पण याआधी ही माशी कित्येक महिने, कधी एकदोन वर्षे, पाण्याच्या तळाशी दगडगोट्यांत आणि शेवाळात जगलेली असते. त्या अवस्थेतल्या किड्याला ‘निम्फ’ म्हणतात. निम्फ म्हणजे ग्रीक पुराणातली पाण्याची देवता. आपल्याकडे विहिरींच्या आणि डोहांच्या काठी साती आसरा असतात ना, त्यांचीच ही परदेशी बहीण म्हणा. नाव देवतेचे, रूप मात्र किड्याचे: सहा पाय, पाठीवर पंखांच्या कळ्या, मागे बहुधा तीन शेपट्या. दिवस भरले की हा निम्फ वर येतो, पाण्याच्या सायीला टेकतो, पाठ उकलते आणि आतून पंखवाली माशी बाहेर पडते. पंख वाळेपर्यंत ती शिडाच्या होडीसारखी पाण्यावर तरंगत जाते, मग उडते.

ट्राउट खालून हे सगळे पाहत असतो. त्याला तळाचा निम्फही चालतो, वर येणाराही चालतो, आणि तरंगणारी माशीही चालते. वाद झाला तो या तीन घासांपैकी गरवणाऱ्याने कोणत्या घासाची नक्कल करावी, याबद्दल.

आता स्थळ. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर आणि विल्टशायर या परगण्यांत खडूचे डोंगर आहेत. खडू म्हणजे नाव तेच, फळ्यावरच्या खडूचे. पण डोंगरच्या डोंगर त्याचे. पावसाचे पाणी या खडूत मुरते, गाळले जाते आणि झऱ्यांनी बाहेर पडते. त्यामुळे टेस्ट, इचेन, एव्हन यांसारख्या तिथल्या नद्या बाराही महिने जवळजवळ सारख्याच वाहतात. पाणी गार, आणि भिंगासारखे स्वच्छ. काठावर उभे राहिले की तळाचे गवत डुलताना दिसते आणि त्या गवताच्या फटीत प्रवाहाकडे तोंड करून उभा असलेला ट्राउटही दिसतो. अर्थात आपल्याला तो दिसतो तसे आपणही त्याला दिसतो, ही अडचण आहेच.

या नद्यांवर १८७९ साली एक भेट झाली. विंचेस्टर गावातल्या गळसामानाच्या दुकानात फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थांची जॉर्ज सेल्विन मॅरियट यांच्याशी गाठ पडली. मॅरियट निष्णात गरवणारे, पण लिहिण्याच्या भानगडीत न पडणारे. हॅलफर्ड नेटके, चिकाटीचे आणि लिहिणारे. दोघांनी मिळून पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचा कसून अभ्यास केला. खरी माशी पकडायची, तिचे रंग पाहायचे, आणि तिच्यासारखी खोटी बांधायची. कोंबड्याच्या मानेचे ताठ, चकचकीत पीस गळाभोवती गुंडाळले, की त्याचे केसर चहूकडे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी तरते. भिजली तर काठी हवेत दोनचार वेळा हेलकावायची, पाणी झटकले जाते. हीच ती ‘कोरडी माशी’. तिच्यावरचे हॅलफर्डचे पहिले पुस्तक १८८६ साली निघाले, दुसरे १८८९ साली.

हॅलफर्डचे काम खरोखर मोठे होते. त्याने गरवण्याला शिस्त लावली. पाण्यात उगाच काठी फिरवायची नाही. वर येऊन माशी टिपणारा एखादा मासा हेरायचा, त्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे खालच्या अंगाने जायचे आणि माशी त्याच्या नाकासमोर अलगद उतरवायची. एक मासा, एक माणूस आणि दोघांच्या नजरेचा सामना. यात कौशल्य होते आणि एक प्रकारची सभ्यताही होती.

परंतु गुरूचा अभ्यास शिष्यांच्या हाती गेला की त्याचे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. पाहता पाहता कोरडी माशी हा धर्म झाला. कित्येक पाण्यांवर नियमच झाला: कोरडीच माशी टाकावी, दुसरी नाही. बुडणारी माशी टाकणारा तो अडाणी किंवा लबाड. आपल्याकडे ओलेत्याने पाणी भरले की ते सोवळ्याचे. तिकडे उलटे: कोरडे ते सोवळे आणि ओले ते ओवळे!

यातली गंमत अशी, की हॅलफर्डने स्वतः ट्राउटची पोटे फाडून पाहिली होती. १८८९ च्या पुस्तकात त्याने त्या तपासणीविषयी लिहिलेही आहे. पोटात निम्फ भरपूर सापडतात हे त्याला दिसले होते. पण पाण्याखालच्या निम्फची समाधानकारक नक्कल करता येत नाही असे त्याचे मत पडले, आणि त्या मतापाशी तो थांबला.

जो थांबला नाही त्याचे नाव जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज. जन्म १८५८, न्यूफाउंडलंडचा. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत. पुढे लंडनला वकिली केली. लग्न केले नाही. १८८३ पासून विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन येथे इचेन नदीवर तो गरवायला जाऊ लागला. आठवडाभर कज्जेदलाली आणि सुटी मिळाली की नदी, असा क्रम. तोही सुरुवातीला हॅलफर्डचा भक्तच होता. त्याची पुस्तके त्याने आदराने वाचली होती.

मग एकदा काय झाले, दुकानातून आणलेल्या माश्या नीट तरंगेनात. पीस मऊ, कोंबडा चांगला नव्हता म्हणाना. माशी टाकली की बुडायची. भक्ताच्या दृष्टीने ही फजिती. परंतु तरंगणाऱ्या माशीकडे ढुंकून न पाहणाऱ्या ट्राउटने ती बुडालेली माशी मुकाट्याने घेतली. दुसरा कोणी असता तर दुकानदाराला नावे ठेवून मोकळा झाला असता. स्क्यूजने विचार केला, की हे असे का व्हावे?

त्याने पाण्याकडे पुन्हा पाहायला सुरुवात केली. मासा माशी टिपतो तेव्हा पाण्यावर वर्तुळ उठते. पण कित्येकदा नुसताच फुगवटा येतो, पाणी आतून ढुसणी दिल्यासारखे उचलले जाते आणि वरची माशी तशीच तरंगत पुढे निघून जाते. कोरड्या माशीवाले असा मासा दिसला की तासन् तास त्याच्यापुढे माश्या टाकत बसायचे आणि म्हणायचे, मासा फार चोखंदळ आहे. स्क्यूजच्या लक्षात आले, की मासा चोखंदळ वगैरे काही नाही. तो बोटभर खाली येणारे निम्फ खातो आहे. त्याच्या ताटात जे आहे ते आपण वाढतच नाही, मग त्याने काय खावे?

मताला पुरावा पाहिजे, हे वकिलाला सांगायला नको. नळीतला मगज काढून खाण्यासाठी साहेबलोकांच्या टेबलावर एक लांब, अरुंद चमचा असतो. स्क्यूजने तो चमचा खिशात ठेवला. मारलेल्या माशाच्या घशातून तो पोटात घालायचा, आतला घास बाहेर काढायचा आणि पांढऱ्या बशीत पाणी घालून त्यात सोडायचा. काळा गोळा दिसतो तो हळूहळू सुटतो आणि एकेक किडा वेगळा होतो. कुठला किडा, केवढा, कोणत्या रंगाचा, हे सगळे दिसते. साक्षीदाराची उलटतपासणीच म्हणा ना! फरक एवढाच, की हा साक्षीदार खोटे बोलू शकत नाही.

बशीत जे दिसले त्याबरहुकूम त्याने माश्या बांधल्या. अगदी लहान गळ. मेण लावलेले रेशीम. त्या रेशमाला चिकटवून पिळलेली जनावराची लव, तिचे बारीकसे अंग. वरून कधी सोनेरी तारेचे वेढे, किड्याच्या अंगावरचे वळसे दिसावेत म्हणून. छाती जरा जाड. आणि पायांसाठी मऊ पिसाचा एखाददुसरा आखूड वेढा. ताठ पीस नको, कारण तरंगायचे नाही. या माश्या त्याने हॅलफर्डच्याच शिस्तीने वापरल्या. मासा हेरायचा, खालच्या अंगाने जायचे, त्याच्यापुढे माशी टाकायची. फक्त ती बोटभर खालून वाहत जायची. १९१० साली त्याचे पहिले पुस्तक निघाले, १९२१ साली दुसरे. पहिल्या पुस्तकात त्याने अगदी सौम्य मांडणी केली. कोरडी माशी टाकू नका असे त्याने कधीच म्हटले नाही. ती चालत नाही त्या वेळी ही चालते, एवढेच त्याचे म्हणणे.

पण धर्म म्हटला की सौम्यतेने काही भागत नाही. हॅलफर्ड १९१४ साली वारला. गुरू गेल्यावर शिष्य अधिकच कडक होतात, तसे झाले. स्क्यूजच्या पाण्यावरच्याच काही भागीदारांना त्याचा निम्फ खपेना. अखेर १० फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर चर्चेची सभा ठेवली गेली. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचा होता. त्याच्या विरुद्ध बोलणारे पुष्कळ निघाले. खडूच्या नदीवर निम्फ टाकणे शिष्टाचाराला धरून आहे काय, हा मुद्दा. त्याने आपली बाजू मांडली आणि तो मागे हटला नाही. त्याच वर्षीचा हंगाम संपल्यावर त्याने ॲबट्स बार्टनचे पाणी सोडले. १८८३ ते १९३८, पंचावन्न वर्षे. पुढच्याच साली त्याने निम्फवरचे आपले पुस्तक छापले.

आता विरुद्ध बाजूलाही न्याय दिला पाहिजे. त्यांची सगळीच मंडळी हटवादी नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की मासे धरणे सोपे करायचे असेल तर जाळे टाका, काय वाटेल ते करा. मौज आहे ती अडचणीत. अडचण काढून घेतली की खेळ संपला. हे म्हणणे खोटे नाही, आणि ते कोणी उत्तम मांडले असेल तर स्क्यूजनेच! त्याची एक गोष्ट आहे, १९३२ सालच्या पुस्तकात. थिओडोर कास्टवेल नावाचा एक पटाईत गरवणारा मरतो. त्याला एका सुंदर नदीच्या काठी आणून सोडतात. चाकर हजर, काठी उत्तम. पहिल्याच फेकीला अडीच पौंडांचा ट्राउट. त्याच जागी दुसरा वर येतो, तोही अडीच पौंडांचा. मग तिसरा, चौथा. जागा बदलायची सोय नाही, थांबायची परवानगी नाही. फेक टाकली की मासा, असे अनंतकाळ. तेव्हा कुठे त्याला उमगते, की आपण स्वर्गात आलेलो नाही. ही गोष्ट लिहिणारा माणूस सोपा मार्ग शोधत होता असे कोण म्हणेल? निम्फ टाकणे त्याच्या मते सोपे नव्हतेच. तरंगणारी माशी निदान डोळ्यांना दिसते. बुडालेली दिसत नाही. मासा वळला, त्याच्या तोंडाची पांढरी कड क्षणभर चमकली, दोरी जराशी थबकली, तेवढ्यावरून ओळखायचे आणि काठी उचलायची. नियम कौशल्यासाठी असेल, तर इथेही कौशल्यच होते.

स्क्यूज १९४९ साली वारला. त्याची रक्षा इचेनच्या काठीच विखुरली. पण त्याआधी त्याची एका तरुण माणसाशी ओळख झाली होती, आणि ती करून देणारे गृहस्थ आपल्या देशाशी संबंध असलेले होते: १९१९ ते १९३२ पर्यंत अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असलेले सर ग्रिमवुड मिअर्स. निवृत्तीनंतर ते विल्टशायरमध्ये एव्हन नदीवर गरवीत. त्या नदीचा एक राखणदार होता, फ्रँक सॉयर. जन्म १९०६ सालचा. शाळा खेड्यातली, पण नदी अंगणातली. लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी संस्थेचे नेदरएव्हनजवळचे पाणी तो १९२८ पासून राखत असे. गाळ काढायचा, गवत कापायचे, अंडी जपायची, हे त्याचे रोजचे काम. वकील सुटीच्या दिवशी नदी पाहत असे. हा माणूस बाराही महिने पाहत होता.

सॉयरने निम्फ पोहताना नीट पाहिला. त्याला दिसले, की पोहताना निम्फ पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो आणि शेपटीच्या झटक्याने बाणासारखा जातो. मग पायांसाठी पीस कशाला गुंडाळायचे? त्याने पीस काढून टाकले. दुसरे, निम्फ तळाजवळ असतो, तेव्हा माशी पटकन बुडाली पाहिजे. त्याने रेशीम काढून टाकले आणि केसासारखी बारीक तांब्याची तार घेतली. तारेनेच बांधायचे आणि तारेनेच वजन द्यायचे.

त्याची रीत ऐका, इतकी सोपी आहे. गळावर तारेचे वेढे द्यायचे, छातीच्या जागी जास्त, म्हणजे उंचवटा येतो. फेझंट पक्ष्याच्या नराच्या शेपटीतल्या लांब पिसाचे चार तांबूस केसर घ्यायचे. त्यांची टोके मागे राहू द्यायची, त्या झाल्या शेपट्या. मग केसर तारेभोवती पिळून दोन्ही मिळून डोळ्याकडे गुंडाळत न्यायचे, हे झाले अंग. शेवटी केसर उंचवट्यावर मागे-पुढे दुमडून तारेने आवळायचे, ही झाली पंखांची कळी. संपले. दोन जिनसा, एक पीस आणि एक तार. ही माशी १९५८ सालच्या त्याच्या पुस्तकाने जगभर पोचली आणि आजही ट्राउट आहे तिथल्या गरवणाऱ्यांच्या पेटीत बहुधा ती सापडते. ती टाकायची त्याची तऱ्हाही पाहून शिकलेली. माशी माशाच्या वरच्या अंगाला बुडवायची, आणि ती त्याच्या तोंडाजवळ आली की काठीचे टोक हलकेच उचलायचे. खालचा निम्फ वर निघाला असे माशाला वाटते, आणि पळणारा घास पाहून तो तोंड उघडतो.

सॉयरचा शेजारी मेजर ऑलिव्हर काइट तर त्याहून पुढे गेला. त्याने पीसही काढून टाकले. नुसत्या गळावर तांब्याच्या तारेचा एक उंचवटा, बाकी काही नाही. १९६३ साली त्याने पुस्तक लिहिले. ती उघडी माशीसुद्धा ट्राउट घेतो. तेव्हा रंग आणि केसर यांपेक्षा आकार आणि चाल महत्त्वाची, असे ठरले. हॅलफर्डने किड्याच्या रंगांचा ध्यास घेतला, स्क्यूजने बशीत आकार पाहिला, सॉयरने पाण्यात चाल पाहिली. प्रत्येकाने आधीच्याचे घेतले आणि त्यातले थोडे टाकले. माशी बांधण्याचा इतिहास म्हणजे एका अर्थी काय काय टाकून देता येते याचा इतिहास आहे.

आपल्या महाराष्ट्रात ट्राउट नाही. आपल्या नद्यांचे पाणी त्याला उष्ण पडते. काश्मिरात मात्र १९०० च्या सुमारास विलायतेहून त्याची अंडी आणून रुजवली, आणि तिथल्या ओढ्यांत तो आजही आहे. पण निम्फ आपल्याकडे आहे बरं का! पावसाळा ओसरल्यावर सह्याद्रीतल्या एखाद्या वाहत्या ओढ्यात जा आणि पाण्यातला दगड उलटा करून पाहा. दगडाला चिकटलेला, तीन शेपट्यांचा, चपटा किडा लगबगीने दुसऱ्या बाजूला पळताना दिसेल. तीच ही एकदिवशी माशी, पंख फुटायच्या आधीची. दगड मात्र होता तसा परत ठेवा. त्याखाली तिचे घर आहे.

स्क्यूजला जे दिसले ते इचेनच्या काठावर बसणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. तोच फुगवटा, तीच न घेतलेली माशी. त्यांना उत्तर पुस्तकातून आधीच मिळालेले होते, म्हणून त्यांनी पाण्याला विचारले नाही. हॅलफर्डचे पुस्तक वाईट नव्हते. तेही पाण्याला विचारूनच लिहिलेले होते. त्याच्या शिष्यांनी त्याची उत्तरे जपून ठेवली आणि त्याचे विचारणे सोडून दिले, एवढेच त्यांचे चुकले.